परदेशी राहणाऱ्या घानावासीयांची पाहणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थलांतराचा अभ्यास करू लागलं की घानाचं नाव लवकरच समोर येतं. तिथल्या लोकांचा परदेशातला प्रवास, तिथे रुळणं, घरी पैसे पाठवणं यांवर गेल्या तीस-चाळीस वर्षांत भरपूर पाहण्या झाल्या आहेत. त्या वाचताना, किंवा आपणच अशी पाहणी करायची म्हटली तर, जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

घानाच का? देश तर फार मोठा नाही.

नाहीच. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या तीन कोटी आठ लाखांच्या आसपास भरली, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण या देशाने साठ-सत्तर वर्षांत स्थलांतराचे बहुतेक सगळे प्रकार अनुभवले. बाहेरून मजूर आले, त्यांना हाकलून दिलं, मग आपलेच लोक बाहेर गेले, त्यांनाही हाकललं गेलं आणि ते पुन्हा दुसरीकडे गेले. दुसरं कारण अभ्यासकांच्या कामाचं. घानाच्या बाबतीत गेलेला माणूस आणि मागे राहिलेलं त्याचं घर, दोघांनाही एकाच पाहणीत गाठण्याचे प्रयत्न झाले आहेत. इतर बऱ्याच देशांबद्दल एकाच टोकाची माहिती मिळते.

घानातून लोक बाहेर पडायला कधी लागले?

१९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा उलटं चित्र होतं. कोकोच्या मळ्यांत, सोन्याच्या खाणींत आणि बाजारपेठांत नायजेरिया, टोगो, अप्पर व्होल्टा (आताचं बुर्किना फासो) इथले लोक कामाला येत. नोव्हेंबर १९६९ मध्ये कोफी बुसिया यांच्या सरकारने राहण्याचा परवाना नसलेल्या परदेशी लोकांना दोन आठवड्यांची मुदत देऊन देश सोडायला लावला. पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवणारे नायजेरियाचे योरुबा व्यापारी त्यात मोठ्या संख्येने होते.

पुढच्या दशकात घानाची घडी विस्कटली. कोकोचं उत्पन्न घटलं, एकामागून एक लष्करी उठाव झाले, सेडी या चलनाला किंमत उरली नाही. शेजारी नायजेरियात मात्र तेलाचा पैसा वाहत होता. घानाचे शिक्षक, कारागीर, मजूर लागोसकडे निघाले. जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाच्या शेहू शगारी सरकारने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना निघून जायचा हुकूम दिला. परतलेल्या घानावासीयांची संख्या साधारण दहा लाख मानली जाते, आणि तेव्हा घानाची सगळी लोकसंख्याच एक कोटी वीस लाखांच्या घरात होती. त्याच वर्षी दुष्काळ आणि वणव्यांनी पिकं गेली होती. लोकांनी ज्या चौकड्यांच्या स्वस्त पिशव्यांत संसार भरला, त्यांना पश्चिम आफ्रिकेत आजही ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. आपल्याकडे रेल्वेच्या फलाटावर दिसते तीच पिशवी.

तिथून पुढे रोख युरोपकडे वळला. हॅम्बुर्ग, ॲमस्टरडॅम, लंडन, मग टोरांटो आणि न्यूयॉर्कचं ब्राँक्स. इटलीत ही मंडळी नव्वदच्या दशकात वाढली. म्हणून पाहणीत ‘कोणत्या साली आलात’ हा प्रश्न नुसता औपचारिक समजू नये. १९८५ ला हॅम्बुर्गला पोचलेला माणूस आणि २०१५ ला लिबियामार्गे सिसिलीला उतरलेला मुलगा यांचा देश एक असला तरी अनुभव पार वेगळा आहे.

एकूण किती घानावासी परदेशात आहेत?

कोणाला विचारता त्यावर आहे. घानाच्या २०१० च्या जनगणनेत परदेशी असलेले अडीच लाखांच्या आसपास निघाले. संयुक्त राष्ट्रांचा २०२० च्या सुमाराचा अंदाज दहा लाखांच्या जवळ जातो. चौपट फरक!

यात कोणी खोटं बोलत नाही. जनगणनेत घरी असलेल्या माणसाला विचारलं जातं, ‘तुमच्या घरातलं कोणी बाहेरदेशी आहे का?’ जे कुटुंब दाराला कुलूप लावून सगळंच्या सगळं गेलं, त्याच्या वतीने सांगणारं कोणी नाही. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाला ‘आपल्या घरातला’ धरायचं का, हेही ज्याचं त्याने ठरवायचं. संयुक्त राष्ट्रांचा आकडा बहुतांशी त्या त्या देशात ‘घानात जन्मलेले’ किती, यावर आधारलेला असतो. त्यात लंडनमध्ये जन्मलेली मुलं येत नाहीत, आणि नोंदच नसलेले लोकही निसटतात. एखाद्या लेखात नुसताच आकडा दिला असेल आणि तो कसा मोजला ते सांगितलं नसेल, तर मी तो उतरवून घेत नाही.

सगळे युरोप-अमेरिकेतच आहेत का?

नाही. पाहण्या बहुतेक तिथे झाल्या, म्हणून तसं वाटतं. परदेशी असलेले कितीतरी घानावासी आजही नायजेरिया, कोत दिव्हार (आयव्हरी कोस्ट), टोगो, बुर्किना फासो अशा जवळच्या देशांत आहेत. पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ संघटनेच्या १९७९ च्या करारामुळे सदस्य देशांत नव्वद दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करता येते. कोत दिव्हारच्या आबिजान शहरात मासळी विकणाऱ्या बाईच्या ‘एकात्मते’वर (तिथल्या समाजात सामावण्यावर) संशोधनाला पैसे देणारी संस्था मिळणं अवघड, ॲमस्टरडॅममधल्या सफाई कामगारावर मिळते. पैसे युरोपातून येतात आणि प्रश्नही तिथलेच येतात.

आखाती देशांत घरकामाला गेलेल्या मुलींची स्थिती आणखी वाईट. त्या मालकाच्याच घरात राहतात, त्यामुळे पाहणीवाल्यांना भेटतच नाहीत. छळाच्या तक्रारी वाढल्यावर २०१७ मध्ये घाना सरकारने आखातात घरकामासाठी भरती करणं थांबवलं. त्याने जाणं बंद झालं नाही, आडमार्गाने सुरू राहिलं.

पाहणीसाठी माणसं निवडायची कशी? यादी कुठून आणायची?

सगळी मेख इथेच आहे. निष्कर्ष वाचण्याआधी ही माणसं कुठून निवडली ते वाचावं.

घानावासीयांच्या आरोग्यावरच्या ‘रोडॅम’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचं उदाहरण घेऊ. ॲमस्टरडॅमचे चार्ल्स आज्येमांग यांच्या पुढाकाराने २०१२ नंतर तो झाला. घानातली खेडी, घानातली शहरं, ॲमस्टरडॅम, बर्लिन आणि लंडन अशा पाच ठिकाणी २५ ते ७० वयाच्या लोकांना तपासलं. ॲमस्टरडॅममध्ये नगरपालिकेच्या नोंदवहीत माणसाचा आणि त्याच्या आईवडिलांचा जन्मदेश असतो, त्यामुळे यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावं काढता आली. लंडनमध्ये अशी नोंदवहीच नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेनुसार घानात जन्मलेले सुमारे ९४ हजार लोक होते, पण त्यांचे पत्ते संशोधकाच्या हातात कोण देणार? मग घानावासीयांच्या संस्था आणि चर्च यांच्या सभासद-याद्या वापरल्या. बर्लिनमध्ये आधी नोंदणी कार्यालयाची यादी घेतली, प्रतिसाद फारच थोडा आला, तेव्हा तिथेही संस्था आणि चर्चकडे वळावं लागलं. एकाच अभ्यासात तीन शहरांत तीन तऱ्हा. हे त्यांनी उघड लिहून ठेवलं, ही चांगली गोष्ट.

आता चर्चच्या यादीतून कोण सुटतं ते पाहा. घानात वीस टक्क्यांच्या आसपास लोक मुसलमान आहेत, विशेषतः उत्तर भागात. ते सुटले. रविवारी पाळीवर असणारा सुटला. मंडळाची वर्गणी थकली म्हणून तोंड चुकवणारा सुटला. सगळ्यात मुख्य म्हणजे एकटा पडलेला माणूस सुटला, आणि ‘रुळण्या’ची पाहणी करताना तोच नेमका हवा असतो.

एकाने दुसऱ्याचा पत्ता द्यायचा, त्याने तिसऱ्याचा, ही साखळी पद्धत सोपी आहे, पण साखळी एकाच गावच्या, एकाच जातकुळीच्या लोकांत फिरत राहते. कुमासी शहरातला आशांती जमातीचा माणूस बहुधा आशांतीचाच पत्ता देणार. म्हणून निदान साखळ्या तरी वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू कराव्यात: एक मशिदीपासून, एक केस विणायच्या दुकानापासून, एक गोदामातल्या रात्रपाळीपासून.

मला सर्वांत पटलेली पद्धत इटलीतली. जान कार्लो ब्लांजार्दो यांनी ती नव्वदच्या दशकात मांडली. परदेशी लोक जिथे जिथे जमतात अशा जागांची यादी करायची: पैसे पाठवायची दुकानं, बाजार, प्रार्थनास्थळं, बागा, भाषेचे वर्ग. तिथे भेटलेल्या प्रत्येकाला विचारायचं की यांपैकी आणखी कुठे कुठे तुम्ही जाता. जो दहा ठिकाणी जातो तो आपल्याला भेटायची शक्यता जास्त, म्हणून हिशेबात त्याचं वजन कमी धरायचं. जो एकाच ठिकाणी जातो त्याचं वाढवायचं. जो कुठेच जात नाही तो यातही सुटतो, पण निदान चूक कोणत्या बाजूला आहे ते कळतं.

ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत ते आपल्याला खरं का सांगतील?

त्यांच्या जागी आपण असतो तर सांगितलं असतं का, असं आधी स्वतःला विचारावं.

नेदरलँड्सचं उदाहरण बोलकं आहे. १९९६ मध्ये डच सरकारने पाच देशांना ‘समस्या असलेले देश’ ठरवलं: घाना, नायजेरिया, पाकिस्तान, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि भारत. या देशांतून आणलेल्या जन्माच्या आणि लग्नाच्या दाखल्यांवर विश्वास ठेवायचा नाही, मूळ गावी चौकशी करून खात्री करायची, असं ठरलं. घानाच्या बाबतीत चौकशी करणारे गावात जाऊन शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, शाळेला विचारत. एका दाखल्यासाठी महिनोन्‌महिने जात. ज्या माणसाच्या घरी चौकशीवाला येऊन गेला आहे, त्याच्याकडे आपण प्रश्नावली घेऊन गेलो तर तो आपल्याला काय समजेल?

कागद मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला घानात ‘कनेक्शन मॅन’ म्हणतात. दुसऱ्याच्या कागदांवर काम करणं आणि त्या माणसाला पगारातला वाटा देणं हेही नेदरलँड्समध्ये चालत असे. मग प्रश्नावलीतल्या ‘कुठे काम करता’ या साध्या प्रश्नाचं उत्तर कोणाच्या नावाने द्यायचं?

४ ऑक्टोबर १९९२ ला इस्रायलच्या ‘एल आल’ कंपनीचं मालवाहू विमान ॲमस्टरडॅमच्या बिल्मरमेर वस्तीतल्या इमारतींवर कोसळलं. ४३ मृत्यू नोंदले गेले. त्या इमारतींत सुरिनाम आणि घानाचे बरेच लोक राहत, आणि त्यातले अनेक कुठल्याच नोंदीत नव्हते, त्यामुळे नक्की किती गेले यावर नंतर खूप वाद झाला. जे बेकायदा राहत होते पण तिथेच राहत होते असं सिद्ध करू शकले, त्यांना राहण्याचा परवाना देऊ केला गेला. कागदाअभावी माणूस मेल्यावरही मोजला जात नाही, हे त्या वस्तीने जवळून पाहिलंय.

व्यवहारात एवढं करता येतं: नाव लिहून घेऊ नये. परवान्याबद्दल थेट विचारू नये, विचारलंच तर शेवटी आणि वर्षांच्या रूपात (‘पहिला राहण्याचा परवाना कोणत्या साली मिळाला?’). सध्याची स्थिती नाही विचारली तरी बहुतेक विश्लेषण होतं. आणि वस्तीतल्याच ओळखीच्या माणसाकडून मुलाखती घ्याव्यात, असं सरसकट मानू नये. कितीतरी जणांना परकाच बरा वाटतो, कारण परका गावात जाऊन सांगत नाही.

प्रवासाबद्दल काय विचारायचं?

‘तुम्ही देश का सोडलात?’ हा प्रश्न सगळे घालतात आणि त्याचं उत्तर सगळ्यांचं एकच येतं: चांगल्या आयुष्यासाठी. त्यातून काही हाती लागत नाही.

त्याऐवजी वर्षानुवर्षांचा तक्ता भरून घेणं चांगलं. फ्रान्सच्या ‘इनेद’ या लोकसंख्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या ‘माफे’ प्रकल्पात हे केलं गेलं. सेनेगल, काँगो आणि घाना या तीन देशांवरचा हा प्रकल्प. घानाच्या भागात २००९-१० मध्ये राजधानी अक्रा आणि कुमासीतली घरं, तसंच ब्रिटन आणि नेदरलँड्समधले चारशेच्या आसपास घानावासी गाठले. प्रत्येक वर्षाला कुठे राहत होता, काय काम, लग्न, मुलं, कागद, घर-जमीन हे शेजारी-शेजारी लिहायचं. त्यात लागोसची दोन वर्षं दिसतात, मध्येच परत येऊन सहा महिने राहणं दिसतं, लग्नाच्या वर्षी नोकरी सुटली ते दिसतं. माणूस एका उडीत अक्राहून ॲमस्टरडॅमला येत नाही.

लिबियामार्गे येणाऱ्यांचा वेगळा विचार करावा लागतो. घानातल्या टेचिमान, न्कोरांझा या भागांतून तरुण मुलं नायजरच्या अगाडेझमार्गे वाळवंट ओलांडून लिबियाला बांधकामावर जातात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात युरोप नसतोच, दोन-तीन वर्षं कमवून परत यायचं असतं. २०११ मध्ये लिबियात यादवी पेटली तेव्हा अठरा हजारांहून अधिक घानावासी परतले. काही मात्र उलटीकडे, समुद्राच्या बाजूला ढकलले गेले. त्यांना इटलीत ‘युरोपला यायचं का ठरवलंत’ असं विचारणं म्हणजे त्यांनी न केलेल्या निवडीचा जाब विचारणं.

आणि वाटेतल्या मृत्यूंचा, मारहाणीचा प्रश्न असेल तर आधी सांगावं, नको म्हणायची मुभा द्यावी. अशा जखमा उकरून काढायच्या आणि ‘पुढचा प्रश्न’ म्हणत पान उलटायचं, हे मला तरी बरं वाटत नाही.

‘रुळले’ किंवा ‘सामावले’ हे नेमकं कशावरून मोजतात?

साधारणपणे भाषा, नोकरी, घर, स्थानिकांशी मैत्री आणि नागरिकत्व यांवरून. प्रत्येकात खोट आहे.

भाषेचं पाहा. घानात शाळेची आणि सरकारची भाषा इंग्रजी. लंडनला उतरणारा माणूस पहिल्याच दिवशी ‘रुळलेला’ ठरतो आणि हॅम्बुर्गला उतरणारा दहा वर्षांनीही कच्चा. यात माणसाची मेहनत कमी-जास्त नाही.

नोकरीचं तर आणखी अवघड. घानात शिक्षक असलेला माणूस ॲमस्टरडॅममध्ये पहाटे कचेऱ्या झाडतो. तक्त्यात तो ‘नोकरीत असलेला’ म्हणून चांगल्या रकान्यात जातो. तिकडची पदवी, इथलं काम आणि इथला पगार हे तीन वेगळे प्रश्न ठेवले नाहीत तर घसरण दिसतच नाही. उलट ब्रिटनमधल्या घानाच्या परिचारिका आपल्याच पेशात आहेत, पण तिथे घानाची बाजू दुखरी आहे. परिचारिका-डॉक्टरांची टंचाई असलेल्या देशांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या यादीत घाना आहे, अशा देशांत ब्रिटनने जाऊन भरती करायची नाही असा संकेत आहे, आणि परिचारिका स्वतःहून अर्ज करून जातातच.

नागरिकत्वावरून देशादेशांची तुलना तर करूच नये. घानाने २००२ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं. ब्रिटनही करतं. नेदरलँड्समध्ये सहसा मूळचं सोडावं लागतं, आणि जर्मनीने सर्वांना दुहेरी ठेवायची मुभा जून २०२४ मध्ये दिली. जर्मन पारपत्र न घेणाऱ्याला ‘मन लागलं नाही’ असं म्हणायचं की कायद्याने हात बांधले होते असं म्हणायचं?

सामावून घेणाऱ्यांनाही मोजायला हवं. दक्षिण इटलीतल्या कास्तेल व्होल्तुर्नोमध्ये १८ सप्टेंबर २००८ ला कामोरा टोळीने सहा आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घातल्या, त्यात घानाचेही होते. त्या गुन्हेगारांना शिक्षा होण्यात बचावलेल्या एका घानावासीयाच्या साक्षीचा मोठा वाटा होता. त्या गावातल्या माणसाला ‘तुमचे इटालियन मित्र किती’ विचारून सामावण्याचे गुण द्यायचे असतील तर आपली पट्टीच तपासायला हवी.

घरी पैसे पाठवत राहणारा माणूस तिकडे रुळलेला नसतो, हे खरं का?

युरोपातल्या राजकारणात हे गृहीत धरलं जातं: मन गावाकडे म्हणजे इथे पाय रोवलेला नाही. घानाच्या पाहण्यांतून जे दिसलं ते याच्या उलट जातं.

व्हॅलेंटिना मात्सुकातो आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास ॲमस्टरडॅममधली घानाची मंडळी आणि घानातल्या गावांत-शहरांत असलेले त्यांचेच नातेवाईक-मित्र यांना एकाच काळात, दोन्ही टोकांना धरून अभ्यासलं. पैसे, वस्तू, मदत दोन्ही बाजूंनी कशी जाते ते ठरावीक काळाने लिहून घेतलं. दिसलं असं की एका टोकाच्या गोष्टी दुसऱ्या टोकावाचून चालत नाहीत. नेदरलँड्समध्ये परवाना मिळायला घानातले दाखले लागतात, ते मिळवायला गावातला कोणीतरी खेटे घालतो, खर्च करतो. जाण्यासाठी पैसे घरच्यांनी उभे केलेले असतात. परदेशात काम सुटलं तर कधी घरून पैसे येतात. पैसा एकाच दिशेने वाहतो हे आपल्या प्रश्नावलीने गृहीत धरलेलं असतं, कारण उलटा प्रश्न आपण घालतच नाही. ‘गेल्या वर्षी घरून तुम्हाला काय आलं?’ एवढी एक ओळ घालून बघावी.

अंत्यविधी हा यातला सगळ्यात मोठा व्यवहार. घानात, विशेषतः आकान जमातींच्या लोकांत (आशांती त्यांतलेच), माणसाला निरोप देणं हे कुटुंबाच्या प्रतिष्ठेचं काम. शनिवारी लाल-काळ्या कापडातले शेकडो लोक, मंडप, ध्वनिक्षेपक, जेवण, आणि कोणी किती दिलं ते पुकारून सांगणं. कुमासीत वडील वारले की मुलगा ॲमस्टरडॅममध्येही एक सभागृह भाड्याने घेऊन कार्यक्रम करतो. तिथे जमलेली वर्गणी खर्चाला लागते. पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या कार्याला त्याने जायचं असतं. जो जात नाही त्याच्या कार्याला कोणी येत नाही. हे सगळं ‘गावाकडचं’ म्हणून वेगळं काढता येतं का? कामाची बातमी, खोली, वकिलाचं नाव त्याच सभागृहात मिळतं.

‘सुसू’ ही त्यांची भिशी. हॉलंडमध्ये, लंडनमध्येही चालते. बँकेत खातं नसणाऱ्याचं ते खातं. प्रश्नावलीत ‘बचत आहे का’ विचारलं की ‘नाही’ येतं, ‘सुसूत आहात का’ विचारलं की ‘हो’.

परदेशातून घरी पाठवलेली रक्कम सगळ्या देशाची मिळून २०२१-२२ च्या सुमारास वर्षाला साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास मोजली गेली. खिशातून नेलेली रोकड यात धरलेली नाही.

चर्चला इतकं महत्त्व का?

कारण सरकारी कचेरी पाचला बंद होते आणि चर्च रात्रीही उघडं असतं. ‘चर्च ऑफ पेंटेकोस्ट’सारखी घानात वाढलेली पंथमंडळं त्यांच्याबरोबर युरोप-अमेरिकेत गेली. ॲमस्टरडॅमच्या बिल्मरमेरमध्ये तर इमारतींखालच्या मोटारी लावायच्या जागेत उपासना चालत असे. पाळक लग्नं जुळवतो, भांडणं मिटवतो, नव्या माणसाला खोली बघून देतो. त्याचबरोबर तो दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) मागतो आणि कोण येत नाही तेही पाहतो. पाहणीत आधाराचे प्रश्न असतात, दडपणाचे नसतात.

बायकांना वेगळे प्रश्न विचारावेत का?

प्रश्न तेच ठेवले तरी चालतील, पण ‘नवऱ्यामागून आली’ हे गृहीत धरू नये. घानाच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बाजार हातात ठेवून आहेत, आणि कित्येक जणी एकट्याने, स्वतःच्या पैशाने गेल्या. आकान घरांत वंश आईकडून चालतो, त्यामुळे नवरा-बायकोचे पैसे बरेचदा वेगळे असतात आणि भावाला, भाच्याला पाठवणं स्वाभाविक मानतात. ‘कुटुंबाचं मासिक उत्पन्न’ असा एकच रकाना ठेवला तर एकाला दुसऱ्याची मिळकत माहीतच नसते.

मुलांचं काय?

दोन गोष्टी पाहणीत हमखास निसटतात. मुलं घानात आजीकडे किंवा मावशीकडे ठेवून जाणं. आणि उलट, परदेशात जन्मलेल्या मुलाला ‘वळण लागावं’ म्हणून घानातल्या वसतिशाळेत पाठवणं. ‘तुमच्या घरात किती मुलं?’ या प्रश्नाला दोन्ही सापडत नाहीत. दुसऱ्याकडे मूल वाढवणं तिथे जुनी रीत आहे, त्यामुळे ‘सोडून दिलेलं मूल’ अशी भाषा अहवालात आली की मला खटकते.

दुसऱ्या पिढीबद्दल प्रसिद्ध माणसांची उदाहरणं देण्याचा मोह आवरावा, तरी दोन देतोच. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात जोहान्सबर्गला घाना आणि जर्मनी समोरासमोर आले. घानाकडून केव्हिन-प्रिन्स बोआटेंग आणि जर्मनीकडून जेरोम बोआटेंग. दोघे बर्लिनचे, वडील एकच, घानाचे. आणि फुटबॉलपटू मारिओ बालोतेल्ली: घानाच्या आईवडिलांपोटी इटलीतल्या पालेर्मोत जन्म, इटालियन घरात वाढला, तरी इटलीचं नागरिकत्व अठराव्या वर्षी मिळालं. ‘तू स्वतःला कोण समजतोस’ या प्रश्नाला पर्याय एकच निवडायला लावला की या मुलांची चिडचिड होते, आणि ती रास्त आहे.

आरोग्याचा याच्याशी काय संबंध?

घट्ट आहे. वर सांगितलेल्या ‘रोडॅम’मध्ये घानाच्या खेड्यातल्या बायकांत लठ्ठपणा दहा टक्क्यांहून कमी होता, लंडनमधल्या बायकांत निम्म्याहून जास्त. मात्र घानातल्या शहरांतही तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता. म्हणजे निम्मी वाट घानातच चालून झालेली असते. नुसतं लंडन पाहिलं असतं तर सगळं खापर लंडनवर फुटलं असतं.

परदेशातून मतदान करता येतं का?

कायदा २००६ मध्येच झाला. २०१७ मध्ये अक्राच्या उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला तो अमलात आणायला सांगितलं. तरी २०२० आणि २०२४ च्या निवडणुकांत परदेशातल्या बहुसंख्य लोकांना मत देता आलं नाही. राजकारणातल्या सहभागाचा प्रश्न विचारताना पक्षांच्या परदेशी शाखा, वर्गणी, फोनवरून घरच्यांना दिलेला सल्ला हे विचारा.

२०१९ मध्ये घानाने साजऱ्या केलेल्या ‘इयर ऑफ रिटर्न’मध्ये (परतीच्या वर्षात) परतले ते हेच लोक का?

नाही. तो सोहळा १६१९ मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या चारशे वर्षांनिमित्त होता. बोलावणं मुख्यतः गुलामांच्या वंशजांना होतं. दोन्ही समूह एकाच रकान्यात घालू नयेत.

जे परत गेले त्यांना कसं गाठायचं?

परदेशातल्या पाहणीत फक्त टिकलेले भेटतात. ज्यांना धाडून दिलं, जे कंटाळून परतले, जे दुसऱ्या देशात गेले ते नसतात. साहजिकच वीस वर्षं राहिलेल्यांची उत्तरं बरी येतात. म्हणून घानातही मुलाखती हव्यात. तिथे परदेशाहून आलेल्या पैसेवाल्याला ‘बर्गर’ म्हणतात, हॅम्बुर्गवरून पडलेलं नाव. ते लोक सहज भेटतात, बोलतात, बांधलेलं घर दाखवतात. रिकाम्या हाताने परतलेला मात्र गावी न जाता अक्रातच राहतो, कारण गावाने त्याच्या जाण्यासाठी पैसे घातलेले असतात. त्याला शोधायला वेळ आणि पैसे आधीच बाजूला ठेवावे लागतात.

प्रश्नावली कोणत्या भाषेत असावी?

छापील इंग्रजीत, बोलणं ट्वी, एवे, गा, हौसा, जे चालेल त्यात. ट्वी बोलणाऱ्या सगळ्यांना ट्वी वाचायची सवय नसते, शाळा इंग्रजीत झालेली असते.

मुलाखतीचे पैसे द्यावेत का?

दोन पाळ्यांच्या मधला तास देणाऱ्याला द्यावेत. रक्कम इतकी मोठी नको की त्यासाठी कोणी घानावासी असल्याचं सांगेल.

भारतात घानाचे लोक आहेत का? महाराष्ट्रात अशी पाहणी करता येईल?

आहेत, मुख्यतः विद्यार्थी. भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर आणि स्वखर्चाने आलेले. पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून शिकतात. संख्या थोडी, त्यामुळे टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. वीस-पंचवीस सविस्तर मुलाखती जास्त सांगतील. घरमालकाने खोली नाकारली का, किती अनामत मागितली, पोलिसांकडे नोंदणीला किती खेपा झाल्या, हे विचारा. आणि मुलाखती फक्त त्यांच्याच घेऊन थांबू नका. त्याच वसाहतीतल्या घरमालकांच्या आणि सोसायटीच्या सचिवांच्याही घ्या, त्याच प्रश्नांवर.